हरलेला प्रेसिडेंट खुर्ची सोडेना: गांबियात २०१६-१७ च्या सात आठवड्यांत शेजाऱ्यांनी काय केलं

दुसऱ्या देशात लोकशाही टिकावी म्हणून परराष्ट्र धोरणातून काय करता येतं हा विषय निघाला की बोलणं लगेच इराकवर नाहीतर लिबियावर जातं आणि तिथेच संपतं, की बाहेरून लोकशाही लादता येत नाही. ते खरंच आहे. पण त्या नादात दुसरा एक प्रश्न कायम मागे पडतो. लोकांनी स्वतः मत देऊन सरकार बदललंय आणि हरलेला माणूस जायलाच तयार नाही, तेव्हा बाहेरच्यांनी नुसतं बघत बसायचं का? या प्रश्नासाठी मला गांबियाचं प्रकरण सगळ्यात जास्त शिकवणारं वाटतं, कारण तिथे जवळजवळ रक्त न सांडता सत्ता बदलली, आणि तरी चुकाही झाल्या, ज्यांची किंमत तिथले लोक अजून मोजतायत.

नावांबद्दल एक सांगून ठेवतो. राष्ट्राध्यक्षपदावरच्या लोकांची नावं दिली आहेत, ती सगळ्यांना माहीत आहेत. बाकी अधिकारी, कार्यकर्ते, पीडित यांची नावं मुद्दाम घेतली नाहीत, त्यांची भूमिका कळली तरी पुरे.

पार्श्वभूमी

गांबिया म्हणजे पश्चिम आफ्रिकेत नदीच्या दोन्ही काठांवरची एक अरुंद पट्टी, तीन बाजूंनी सेनेगल आणि एका टोकाला अटलांटिक, लोकसंख्या तेव्हा साधारण २० लाख. जुलै १९९४ मध्ये याह्या जामे या तरुण लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली आणि पुढे २२ वर्षं तोच. दर पाच वर्षांनी इलेक्शन व्हायचं आणि तोच जिंकायचा. पत्रकार आणि विरोधक तुरुंगात जायचे, काही गायबच व्हायचे, नंतर नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने सरकारी यंत्रणेच्या हातून मेलेल्यांचा आकडा दोनशेच्या वर सांगितला.

बाहेरच्यांनी आधी काहीच केलं नव्हतं असं नाही. २०११ च्या इलेक्शनला इकोवासने, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या संघटनेने, निरीक्षक पाठवायलाच नकार दिला, कारण तिथलं वातावरण मोकळं मतदान होण्यासारखं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. २०१४ मध्ये युरोपियन युनियनने साधारण १ कोटी ३० लाख युरोंची मदत अडवली, २०१५ पासून अमेरिकेने व्यापारातली सवलत काढून घेतली. याचा परिणाम काय झाला? जामे दारं लावत सुटला. कॉमनवेल्थमधून तो २०१३ मध्येच बाहेर पडला होता, ती नववसाहतवादी संस्था आहे म्हणून, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातूनही बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. लांबच्या श्रीमंत देशांनी दाबलं की त्याला घरात भाषण ठोकायला विषयच मिळायचा.

शेजाऱ्यांचं तसं नव्हतं, पण शेजाऱ्यांचे हातही फार स्वच्छ नव्हते. मे २०१५ मध्ये घानाच्या राजधानीतल्या, म्हणजे अक्राच्या बैठकीत इकोवाससमोर प्रस्ताव होता की कुठल्याच सदस्य देशात राष्ट्राध्यक्षाला दोनपेक्षा जास्त टर्म नकोत. गांबिया आणि टोगोने विरोध केला आणि बाकीच्यांनी प्रस्ताव सोडून दिला. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

सेनेगलचा प्रश्न आणखी वेगळा होता. गांबियाच्या दक्षिणेला सेनेगलचा कासामांस भाग, तिथे कित्येक वर्षं फुटीरतावादी बंड चालू, आणि बंडखोरांना जामेकडून आसरा मिळतो हा सेनेगलचा जुना राग. २०१२ मध्ये जामेने एकाच वेळी नऊ कैद्यांना देहदंड दिला, त्यात दोन सेनेगली होते. २०१६ च्या सुरुवातीला तर दोन्ही देशांमधली बॉर्डर काही महिने बंद होती. म्हणजे सेनेगल काही निःस्वार्थ भावनेने मध्ये पडत नव्हता, आणि मला यात काही वाईट वाटत नाही, फक्त ते मान्य करूनच पुढचं वाचायला पाहिजे.

कागदावर एक गोष्ट मात्र होती. डिसेंबर २००१ मध्ये सेनेगलच्या राजधानीत, डाकारला, इकोवासने लोकशाही आणि सुशासनाचा करार केला होता, त्यात घटनाबाह्य मार्गाने सत्ता घेणं किंवा टिकवणं अजिबात चालणार नाही असं लिहिलंय. गांबिया सदस्य देशच होता. म्हणजे नियम बाहेरून आणलेला नव्हता.

इलेक्शन आणि गोट्या

एप्रिल २०१६ मध्ये विरोधी पक्षाचा एक युवा कार्यकर्ता निवडणूक सुधारणांसाठी रस्त्यावर उतरला म्हणून पकडला गेला आणि कोठडीतच मेला. त्याचा जाब विचारायला गेलेल्या पक्षाच्या ज्येष्ठ नेत्याला जुलैमध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याआधीच्या वर्षी उमेदवारीचं डिपॉझिट १० हजार दलासीवरून (दलासी हे तिथलं चलन) थेट ५ लाखांवर नेलं होतं, म्हणजे सामान्य माणसाने उभंच राहू नये. या सगळ्यामुळे झालं असं की जे विरोधी पक्ष वर्षानुवर्षं एकमेकांची मतं खात होते ते एकत्र आले आणि त्यांनी अदामा बॅरो नावाचा, तोपर्यंत फारसा कोणाला माहीत नसलेला, जमीनजुमल्याचा व्यवसाय करणारा माणूस उभा केला.

गांबियात मतपत्रिका नसते, गोटी असते. प्रत्येक उमेदवाराचं रंगवलेलं पिंप, त्यावर फोटो, मतदार आत जातो, पिंपाच्या नळीतून गोटी सोडतो आणि आतली घंटी वाजते, म्हणजे बाहेरच्यांना कळतं की मत पडलं आणि एकच पडलं. लिहितावाचता न येणाऱ्यांसाठी ही पद्धत साठच्या दशकापासून आहे. २०१६ ला महत्त्वाचं ठरलं ते मोजणीचं. मोजणी केंद्रावरच, सगळ्यांच्या समोर, भोकं असलेल्या ट्रेमध्ये गोट्या भरून. केंद्राकेंद्रावरचा आकडा पार्टीच्या लोकांनी तिथेच लिहून घेतला, आणि मतदानाच्या आदल्या रात्री इंटरनेट बंद केलं तरी गोट्या काही गायब करता आल्या नाहीत. पुढे जे काही झालं ते सगळं या मोजणीवर उभं आहे असं माझं ठाम मत आहे. निकाल घोटाळ्याचा असता तर कुठल्याही शेजाऱ्याला सैन्य सोडा, नीट एक पत्रक काढायलाही आधार मिळाला नसता.

अडचण कुठे आली

१ डिसेंबर २०१६ ला मतदान झालं. २ तारखेला निवडणूक आयोगाने बॅरो जिंकल्याचं जाहीर केलं आणि जामेने टीव्हीवर, बॅरोला फोन लावून, हार मान्य केली. लोक रस्त्यावर नाचले. २२ वर्षांचा हुकूमशहा फोनवरून अभिनंदन करतो हे कोणालाच खरं वाटेना.

मग एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. ५ डिसेंबरला आयोगाने स्वतःच दुरुस्ती केली, एका भागातल्या बेरजेत चूक झाली होती. बॅरो अजूनही पुढेच, ४३.३ टक्के विरुद्ध ३९.६ टक्के, पण फरक साधारण १९ हजार मतांवर आला. आणि त्याच सुमाराला आघाडीतल्या एका ज्येष्ठ महिला नेत्याने मुलाखतीत सांगितलं की जामेवर वर्षभरात खटला भरला जाईल. त्यांचं म्हणणं न्यायाच्या दृष्टीने चुकीचं नव्हतं, ज्यांची माणसं गेली त्यांना हेच ऐकायचं होतं, पण त्या क्षणी सगळं लष्कर जामेच्याच हातात होतं आणि बॅरोचा शपथविधी सहा आठवडे लांब होता.

९ डिसेंबरला जामे परत टीव्हीवर आला आणि निकाल मान्य नाही, नव्याने इलेक्शन घ्या म्हणाला. त्याच्या पक्षाने सुप्रीम कोर्टात अर्ज टाकला. ऐकायला कायदेशीर वाटतं, हरलेल्याला कोर्टात जायचा हक्क असतोच. पण सुप्रीम कोर्टात बसायला न्यायाधीशच नव्हते, त्यानेच आधी काढून टाकलेले, आणि परदेशातून, मुख्यतः नायजेरिया आणि सिएरा लिओनमधून, न्यायाधीश येईपर्यंत सुनावणी होणं अशक्य, म्हणजे थेट मे महिन्यापर्यंत थांबा. त्याची टर्म संपत होती जानेवारीत. मधल्या काळात राज्य कोणी करायचं, तर त्याच्या मते त्यानेच.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय होता निषेधाची पत्रकं काढायची आणि कोर्टाची वाट बघायची. कोणालाच त्रास नाही, पण जामेला हवं होतं तेच.

दुसरा, सँक्शन्स, म्हणजे आर्थिक निर्बंध. गांबिया लहान देश, पोट मुख्यतः शेंगदाणा, पर्यटन आणि बाहेर गेलेल्या माणसांनी पाठवलेल्या पैशांवर, तीन बाजूंनी सेनेगल, म्हणजे गळा आवळणं सोपं होतं. पण गळा कोणाचा आवळला जाणार? ज्यांनी जामेच्या विरोधात मत दिलं त्यांचाच. आणि सँक्शन्सना वेळ लागतो, हातात पाच सहा आठवडे होते.

तिसरा पर्याय सत्तेत वाटणीचा. केनियात २००८ मध्ये आणि झिम्बाब्वेत त्याच वर्षी हेच झालं होतं, भांडण मिटवायला दोन्ही बाजूंना सरकारात घ्या. रक्तपात थांबतो हे खरं, पण पुढच्या प्रत्येक हरलेल्या सत्ताधाऱ्याला निरोप काय जातो? की खुर्ची धरून बसलास तर निदान अर्धी तरी मिळेल. गांबियात हा पर्याय मध्यस्थांनी पुढे आणला नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आदर कशाचा वाटत असेल तर या नकाराचा.

चौथा, लष्करी बळ. इथे सगळ्यांच्या डोळ्यासमोर आयव्हरी कोस्ट होतं. तिथे २०१० च्या शेवटी लॉरां बाग्बो हरला, हटला नाही, इकोवासने बळ वापरू असं म्हटलं पण वापरलं नाही, चार महिने गेले, साधारण तीन हजार माणसं मेली आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या आणि फ्रान्सच्या फौजा मध्ये पडल्यावर प्रकरण संपलं. म्हणजे धमकी देऊन गप्प बसलं तरी माणसं मरतात आणि घुसलं तरी मरू शकतात. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम ५३ आहे, प्रादेशिक संघटनेला बळाची कारवाई करायची तर सुरक्षा परिषदेची परवानगी लागते, ती मिळेलच असं कोणी सांगू शकत नव्हतं.

काय केलं

१३ डिसेंबरला चार राष्ट्राध्यक्ष गांबियाच्या राजधानीत, बांजुलला, जामेला भेटायला गेले. लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सर्लीफ, ज्या तेव्हा इकोवासच्या अध्यक्ष होत्या, नायजेरियाचे मुहम्मदू बुहारी, सिएरा लिओनचे अर्नेस्ट बाय कोरोमा आणि घानाचे जॉन महामा. या चौथ्या माणसाकडे जरा लक्ष द्या. घानात ७ डिसेंबरला इलेक्शन झालं होतं आणि महामा स्वतः हरले होते, हार मान्य करून चार दिवसही झाले नव्हते. बुहारी २०१५ मध्ये सत्तेवरच्या माणसाला हरवून आले होते आणि त्या माणसाने फोन करून हार मान्य केली होती. म्हणजे जामेसमोर बसलेल्या लोकांना या गोष्टीचा अनुभव दोन्ही बाजूंनी होता. लोकशाहीबद्दल बोलणारा कोण आहे यावर त्याच्या बोलण्याचं वजन ठरतं, आणि इतकं वजनदार शिष्टमंडळ मला दुसरीकडे कुठे आठवत नाही.

तरी त्या दिवशी हाताला काही लागलं नाही. उलट हे लोक शहरात असतानाच सैनिकांनी निवडणूक आयोगाचं ऑफिस ताब्यात घेतलं. आयोगाच्या अध्यक्षांना पुढे देश सोडावा लागला.

माझ्या मते खरा निर्णय १७ डिसेंबरला नायजेरियाच्या राजधानीत, अबुजामध्ये झाला. इकोवासच्या शिखर बैठकीने सांगितलं की १९ जानेवारीला बॅरोच्या शपथविधीला आम्ही स्वतः हजर राहू, त्याच्या सुरक्षेची हमी घेऊ आणि निकाल अमलात आणण्यासाठी लागेल ते सगळं करू. बुहारी मध्यस्थ, महामा त्यांच्या जोडीला. आठवड्याभरात इकोवास आयोगाच्या प्रमुखांनी उघड सांगितलं की तो गेला नाही तर फौज तयार असेल आणि नेतृत्व सेनेगल करेल.

यात कळीचा शब्द "१९ जानेवारी" आहे. ही तारीख इकोवासने आपल्या मनाने काढलेली नव्हती, गांबियाच्या घटनेप्रमाणे जामेची टर्म त्या दिवशी संपत होती. त्यामुळे तो नववर्षाच्या भाषणात म्हणाला की इकोवासने युद्ध पुकारलंय, तेव्हा उत्तर सोपं होतं, तारीख तुझ्याच घटनेतली आहे. आणि तारीख ठरल्यावर गांबियातल्या प्रत्येकाला, मंत्री असो की सार्जंट, स्वतःचा हिशोब करता आला की २० तारखेला आपण कोणाच्या बाजूला उभे असू.

आतल्या लोकांनी हा हिशोब केलाही. वकिलांच्या, शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या संघटनांनी निकाल मानायला सांगितलं, परदेशातल्या दहाहून जास्त राजदूतांनी जामेला जायला सांगितलं आणि त्याने त्यांना काढून टाकलं. "गांबियाने ठरवलंय" अशा अर्थाचे टीशर्ट घालून तरुण फिरायला लागले, त्यासाठी काही जण पकडले गेले, काही खाजगी रेडिओ बंद केले गेले. बाहेरच्या दबावावर लिहिणारे या लोकांना एका ओळीत संपवतात आणि मला त्याचा राग येतो, कारण जोखीम त्यांची होती, सैन्य येईल की नाही याची खात्री नसताना घेतलेली.

१३ जानेवारीला आफ्रिकन युनियनने जाहीर केलं की १९ तारखेपासून जामेला कायदेशीर राष्ट्राध्यक्ष मानणार नाही. त्याच दिवशी बुहारी परत बांजुलला गेले आणि रिकाम्या हाताने आले. नायजेरियाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने जामेला आसरा द्यायलाही मंजुरी दिली होती, म्हणजे दार उघडं ठेवलं होतं. बॅरोला देशाबाहेर नेलं, आधी मालीला, मग सेनेगलला. १७ जानेवारीला जामेने ९० दिवसांची आणीबाणी लावली, दुसऱ्या दिवशी संसदेने त्याची टर्म तीन महिन्यांनी वाढवली. पण त्याच दोन तीन दिवसांत मंत्री राजीनामे देत होते, उपराष्ट्राध्यक्षांनीही दिला, आणि लष्करप्रमुख म्हणाले की राजकीय भांडणासाठी मी माझी पोरं लढवणार नाही. हजारो युरोपियन पर्यटकांना घाईघाईने विमानांनी बाहेर काढलं, आणि हजारो साधी माणसं गाठोडी घेऊन सेनेगलमध्ये गेली, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने हा आकडा साधारण ४५ हजार सांगितला, २० लाखांच्या देशात.

१९ ते २१ जानेवारी

१९ तारखेला दुपारनंतर बॅरोने डाकारमधल्या गांबियाच्या दूतावासात, एका लहानशा खोलीत, शपथ घेतली. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव २३३७ एकमताने मंजूर केला. ठरावाचा मसुदा सेनेगलनेच आणला होता, तो तेव्हा परिषदेचा अस्थायी सदस्य होता. आणि त्याच संध्याकाळी सेनेगलची फौज बॉर्डर ओलांडून आत शिरली, नायजेरियाची लढाऊ विमानं आणि घानाचे सैनिक मदतीला होते.

हा क्रम सहज घडलेला नाही. ठराव नीट वाचला तर त्यात बळ वापरायची परवानगी दिलेलीच नाही, आधी राजकीय मार्गांनी प्रयत्न करा असं म्हणत इकोवासला पाठिंबा दिलाय, तेवढंच म्हटलं म्हणून तो एकमताने निघाला. मग फौज कशाच्या आधारावर शिरली? नव्या राष्ट्राध्यक्षाच्या विनंतीवर. म्हणून शपथ आधी, जिथे मिळेल तिथे, आणि पाऊल नंतर. आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक अजून वाद घालतात की ज्याच्या ताब्यात राजधानीच नाही त्याचं आमंत्रण पुरेसं असतं का. मला हा वाद फुकटचा वाटत नाही. उद्या एखादा मोठा देश आपल्या मर्जीतल्या माणसाला दूतावासात शपथ देऊन त्याच्याकडून आमंत्रण लिहून घेईल, त्याला अडवायचं कसं? इथे फरक पडला तो त्या गोट्यांमुळे, मोजलेल्या मतांमुळे आणि आफ्रिकन युनियनपासून सुरक्षा परिषदेपर्यंत सगळे एकाच माणसाला मानत होते म्हणून.

आत शिरल्यावर काही तासांत फौज थांबवली. मला यातला सगळ्यात अवघड निर्णय हाच वाटतो. एकदा सुटलेली फौज थांबवणं म्हणजे समोरच्याला सावरायला वेळ देणं, आणि आपल्या धमकीवरचा विश्वास पणाला लावणं. पण २० तारखेच्या दुपारपर्यंत मुदत देऊन गिनीचे आल्फा कोंडे आणि मॉरिटानियाचे मोहम्मद उल्द अब्देल अझीझ यांना आत जाऊ दिलं. मुदत पुढे सरकत गेली, रात्र गेली, आणि २१ च्या पहाटे जामेने टीव्हीवर पद सोडत असल्याचं सांगितलं. त्या संध्याकाळी तो कोंडेंबरोबर विमानात बसला, आधी गिनी आणि मग इक्वेटोरियल गिनी.

त्याच्या जाण्याआधी कागद झाला होता. इकोवास, आफ्रिकन युनियन आणि संयुक्त राष्ट्रं यांच्या नावाने संयुक्त निवेदन निघालं: जामेच्या, त्याच्या कुटुंबाच्या आणि समर्थकांच्या सुरक्षेची आणि सन्मानाची काळजी घेऊ, कायदेशीर मालमत्ता जप्त होऊ देणार नाही, तो परतही येऊ शकेल.

पुढे काय झालं

२६ जानेवारीला बॅरो मायदेशी परतला. गांबिया फौजदारी न्यायालयात राहिला, २०१८ मध्ये कॉमनवेल्थमध्ये परत गेला, पत्रकार बोलायला लागले, सत्यशोधन आयोगाच्या सुनावण्या २०१९ पासून टीव्ही आणि यूट्यूबवर अख्ख्या देशाने बघितल्या. ही लहान गोष्ट नाही.

दुसरी बाजू पण आहे. जामे गेल्यावर दोन दिवसांत कळलं की शेवटच्या दोन आठवड्यांत तिजोरीतून एक कोटी डॉलरच्या वर रक्कम गेली, महागड्या गाड्या मालवाहू विमानात भरल्या गेल्या. २०१९ मध्ये चौकशी आयोगाने एकूण लुटीचा आकडा ३६ कोटी २० लाख डॉलर सांगितला. तीन वर्षांत पायउतार होण्याच्या आघाडीच्या कराराला बॅरोने हरताळ फासला, पूर्ण पाच वर्षं बसला. नव्या घटनेचा मसुदा, ज्यात टर्मची मर्यादा होती, सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत पडला. आणि २०२१ मध्ये बॅरोच्या पक्षाने हातमिळवणी केली ती थेट जामेच्या जुन्या पक्षाशी. ते इलेक्शन बॅरो साधारण ५३ टक्के मतांनी जिंकला.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली जागा २ ते ९ डिसेंबरचा आठवडा. जामेने हार मान्य केली आणि सगळं जग टाळ्या वाजवून मोकळं झालं. तेव्हाच, त्याच दिवशी, दोन मध्यस्थ बांजुलला बसायला हवे होते, लष्कराशी, जुन्या सरकारशी, जिंकलेल्यांशी बोलत. खटल्याची भाषा आघाडीच्या मनात होती यात चूक नाही, पण ती कधी आणि कोणी बोलायची हे त्यांना कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं, आणि ते सांगायचं तर जवळ असावं लागतं.

दुसरी जागा कोर्टाची. गांबियात न्यायाधीश बाहेरून येतात हे इकोवासला माहीत होतं, त्यातले बरेचसे त्यांच्याच सदस्य देशांतले. डिसेंबरमध्येच नायजेरिया आणि सिएरा लिओनने न्यायाधीश पाठवायची तयारी दाखवली असती आणि १९ जानेवारीआधी अर्ज निकाली काढायला सांगितलं असतं तर जामेची कायद्याची ढाल राहिली नसती. तो कदाचित कोर्ट भरूच देणार नाही, पण मग तेही सगळ्यांना दिसलं असतं. न्यायाधीश जामेच्या दबावाखाली निकाल देतील ही भीती होती, ती मी नाकारत नाही. तरी मी हा प्रयत्न केला असता.

तिसरी जागा शेवटच्या निवेदनाची. त्या रात्री मी तिथे असतो तर मीही विमान उडू दिलं असतं, शहरात लढाई होण्यापेक्षा ते बरंच. पण मालमत्तेचं वाक्य आणि परत येण्याचं वाक्य एवढं सैल ठेवायला नको होतं, बँका आणि तिजोरी गोठवून मग विमान सोडता आलं असतं. सुरक्षितपणे जाऊ देणं वेगळं आणि लुटीसकट जाऊ देणं वेगळं.

चौथी जागा मला सगळ्यात जास्त सलते. फौज शिरली ती इलेक्शनचा निकाल राखायला, आणि निकाल राखला गेल्यावर राजकीय लक्ष निघून गेलं, फौज मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहिली. तीन वर्षांचा करार, नवी घटना, टर्मची मर्यादा यांच्यासाठी कोणी राष्ट्राध्यक्ष बांजुलला उतरला नाही. कसा उतरणार, अक्रामध्ये २०१५ ला त्यांनी स्वतःच तो नियम सोडून दिला होता. ज्या आल्फा कोंडेंनी जामेला विमानात बसवलं त्यांनी २०२० मध्ये स्वतःच्या देशाची घटना बदलून तिसरी टर्म घेतली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये लष्कराने त्यांना हटवलं.

आणि नायजर. जुलै २०२३ मध्ये तिथे लष्कराने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला कोंडलं, इकोवासने एका आठवड्याची मुदत दिली, गांबियाची आठवण तेव्हा प्रत्येकाने काढली. मुदत उलटली, काहीच झालं नाही. नायजर क्षेत्रफळाने गांबियाच्या शंभरपटीहून मोठा देश, सैन्य लढाईत मुरलेलं, माली आणि बुर्किना फासो त्याच्या बाजूने उभे, आणि सँक्शन्समध्ये नायजेरियाने वीज तोडली तेव्हा अंधारात साधी माणसं बसली. शिवाय ती एका आठवड्याची मुदत घटनेतली नव्हती, बैठकीत ठरलेली होती. जानेवारी २०२५ मध्ये हे तिन्ही देश अधिकृतपणे इकोवासमधून बाहेर पडले. गांबियात जे जमलं त्यातला किती भाग धोरणाचा आणि किती भाग नकाशाचा होता, हे नायजरकडे बघितल्यावर कळतं.

जामे इक्वेटोरियल गिनीत आहे, जिथे १९७९ पासून एकच राष्ट्राध्यक्ष आहे. जामेचे एक माजी गृहमंत्री मे २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या कोर्टात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी २० वर्षं शिक्षा घेऊन बसले, त्याच्या मारेकरी टोळीतल्या एकाला त्याआधी जर्मनीत जन्मठेप झाली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये इकोवासने, त्याच्या सन्मानाची हमी ज्यांच्या नावाने लिहिली गेली होती त्याच इकोवासने, त्या काळातल्या गुन्ह्यांसाठी गांबियाबरोबर खास न्यायाधिकरण उभं करायला मंजुरी दिली. कोठडीत मेलेल्या त्या युवा कार्यकर्त्याच्या घरचे आणि त्यांच्यासारखे इतर कित्येक आता त्याची वाट बघतायत.